शेठना हवं होतं तेवढंच पुस्तक

कल्याणच्या व्याख्यानमालेत मी बोलावं असं ज्या गृहस्थांना पहिल्यांदा सुचलं, मला शाळेतून काढण्यातही त्यांचाच पुढाकार होता. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या, त्यामुळे त्यांच्यावर माझा राग आता फारसा उरलेला नाही. पण झालेली गोष्ट लोक वेगळीच सांगतात. शिकलेली पोर, स्टेजवर गेली आणि उगाच भांडण उकरून आली, असं सांगतात. उगाच नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

नाव मी कुणाचंच घेणार नाही. ज्याच्यावरून हे सगळं घडलं त्या स्कॉटलंडच्या तत्त्वज्ञाचंही नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला ज्याचं नाव फळ्यावर लिहितात तोच तो, एवढं पुरे.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी, आई आणि मी, डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आई एकट्या नोकरदारांचे जेवणाचे डबे करायची आणि त्यावर तिनं मला बी.ए.पर्यंत नेलं. मी अर्थशास्त्र घेतलं तेव्हा माझे काका म्हणाले होते, "संस्कृत घ्यायचं, मराठी घ्यायचं. अर्थशास्त्र शिकून मुलगी काय पेढी उघडणार आहे?" आई पोळी लाटतालाटता म्हणाली, "उघडली तर तुमच्याकडे भांडवल मागायला येणार नाही." काका त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

बी.ए. होऊन मी कल्याणच्या एका हायस्कुलात लागले. हंगामी जागा, दरवर्षी नव्यानं भरायची. इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. शाळेच्या संस्थेवर कल्याणचे एक बडे भातगिरणीवाले होते. सगळं गाव त्यांना शेठ म्हणायचं. वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात मांडव घालून व्याख्यानमाला भरायची, तिचा खर्च बहुतेक तेच करायचे आणि अध्यक्षही तेच असायचे. माणूस कंजूष नव्हता. गरीब मुलांची फी भरायचे, वाचनालयाला कपाटं द्यायचे. मात्र दिलेल्या प्रत्येक गोष्टीवर आपली नजर असावी असं त्यांना वाटायचं.

एके दिवशी त्यांनी मला गिरणीवर बोलावून घेतलं. हेडमास्तर बरोबर होते. गिरणीच्या कचेरीत कोंड्याची बारीक धूळ असायची, ती टेबलावर, दौतीवर, शेठच्या पांढऱ्या टोपीवरही बसलेली होती.

"बाई, तुम्ही अर्थशास्त्रवाल्या ना?" शेठ म्हणाले. "तो एक इंग्रज पंडित होऊन गेला म्हणतात. सरकारनं व्यापारात हात घालू नये असं त्यानं सिद्ध केलंय."

"इंग्रज नव्हे, स्कॉटिश," मी म्हटलं.

"असेल. आमचे वकील सांगत होते. हे कंट्रोल, हे परमिट, हे इन्स्पेक्टर, यानं धान्य वाढत नाही, काळाबाजार वाढतो. आम्ही सांगितलं तर लोक म्हणतात, व्यापारी आपल्या पोटासाठी बोलतोय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं त्या पंडिताच्या तोंडून सांगितलं तर ऐकतील. बोलाल?"

त्या स्टेजवर तोवर बायका फक्त स्वागतगीत म्हणायला चढायच्या. मी एका श्वासात हो म्हटलं.

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "शेठ, बाईंनी 'गृहिणी आणि काटकसर' असा विषय घेतला तर? सोपा पडेल त्यांना."

"काटकसर त्यांच्या आईला विचारा," शेठ हसून म्हणाले. "बाईंना पंडितावर बोलू द्या."

कॉलेजात मी त्या पंडिताच्या ग्रंथाचे परीक्षेपुरते भाग वाचले होते. सरकारनं व्यापारात ढवळाढवळ करू नये हे वाक्य मलाही तोंडपाठ होतं. पण स्टेजवर जायचं तर सगळं वाचून जायचं, असं मी ठरवलं. माझ्या जुन्या प्राध्यापकांकडून मुंबईहून त्याचे दोन्ही ग्रंथ आणले. एक श्रीमंतीवरचा, सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा त्याच्या कितीतरी आधीचा, माणूस बरंवाईट कशावरून ठरवतो यावरचा. तो फारसं कुणी उघडत नसावं, कारण बऱ्याच पानांच्या कडा अजून कापलेल्याच नव्हत्या. आईच्या भाजीच्या सुरीनं मी त्या कापल्या.

आई डबे भरायची, मी तिला वाचलेलं मराठीत सांगायची. बापाचं तोंड न पाहिलेला, आईनं वाढवलेला मुलगा, हे ऐकून ती थांबली. लहानपणी भटक्या लोकांनी त्याला पळवून नेलं होतं आणि मामानं पाठलाग करून सोडवून आणलं, हेही तिला आवडलं. पुढे मोठ्या विद्यापीठात गेला तर तिथले प्राध्यापक शिकवायचं सोंगही करत नव्हते, हे त्यानं नंतर छापून सांगितलं. मग स्वतः नीतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. मोठा ग्रंथ लिहायला गावी, आईजवळ जाऊन राहिला.

"आणि बायको?" आईनं विचारलं.

"लग्नच केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिला."

"लोक काही बोलले नाहीत?"

"पुरुष होता गं."

आईनं डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. माझं लग्न हा तेव्हा आमच्या सगळ्या नातेवाइकांचा आवडता विषय होता.

वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी बेचैन झाले. वकिलांनी शेठना सांगितलेलं खोटं नव्हतं. धान्याच्या व्यापारात सरकारनं पडलं तर टंचाईचा दुष्काळ होतो, असं त्यानं खरोखरच लिहिलं आहे. धान्याच्या व्यापाऱ्याची त्यानं बाजूही घेतली आहे. पण त्याच ग्रंथात, थोडं इकडे थोडं तिकडे, व्यापाऱ्यांविषयी असं काही लिहिलं आहे की कुठल्याही पेढीवर वाचून दाखवायची सोय नाही. एका धंद्याची माणसं एकत्र बसली, नुसती गप्पा मारायला बसली, तरी उठताना गिऱ्हाइकाच्या गळ्याला फास लावूनच उठतात, असा त्याचा मतलब. मालकांच्या संगनमताबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते रोजचंच असतं. मजूर एकत्र आले की मात्र आरडाओरडा होतो, हेही त्यानंच लिहिलंय. दिवसभर एकच बारीकसं काम करणाऱ्या मजुराचं डोकं बधिर होतं आणि त्याला शिकवणं हे सरकारचं काम आहे, हेही. आणि आपल्या देशात आलेल्या त्या कंपनीबद्दल तर त्यानं हात राखून लिहिलेलंच नाही. व्यापारी राज्यकर्ता झाला की त्याहून वाईट सरकार कुठल्या देशाच्या नशिबी येऊ नये, असं तो इंग्रजांच्याच तोंडावर म्हणाला होता. हे कुठल्याही परीक्षेला मला कुणी विचारलं नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे शेठसमोर बोलणार?"

"त्यांनीच त्याच्यावर बोलायला सांगितलंय."

"अर्ध्यावर बोलायला सांगितलंय."

"अर्धं बोलले तर तो माणूस राहत नाही. शेठच्या गिरणीचा मुनीम होतो."

आईनं विचार केला. "मग त्यांना सोयीचं आहे ते आधी सांग. लपवलं असं कुणी म्हणता कामा नये. आणि मग उरलेलं सांग."

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी भाषण पाहायला मागितलं. मी म्हटलं, "लिहिलेलं नाही, बोलणार आहे." ते म्हणाले, "अहो, पण मुद्दे?" मी म्हटलं, "मुद्दे त्याचे आहेत सर, माझा एकही नाही." हे पूर्ण खरं नव्हतं. एक मुद्दा माझा होता.

मांडव भरला होता. पुढे वकील, डॉक्टर, पेढीवाले. डाव्या बाजूला बायका, त्यांत आई. ती पुढच्या रांगेत बसायला तयार नव्हती, मीच बसवली. मागे कनातीला टेकून आसपासच्या गावांतून बाजाराला आलेले शेतकरी उभे होते. व्याख्यान ऐकायला ते आले नसावेत. गाड्यांचे बैल सोडलेले होते, वेळ होता, दिवे दिसले म्हणून थांबले असावेत.

सुरुवातीला त्याच्या लहानपणाची गोष्ट सांगितली तेव्हा लोक जरा सैलावले. मग टाचणीचं सांगितलं: एकटा माणूस टाचणी करायला बसला तर दिवसाला एखादी धड व्हायची नाही, पण एकानं तार ओढली, दुसऱ्यानं तोडली, तिसऱ्यानं टोक काढलं तर टाचण्यांचा ढीग पडतो. मग धान्याचं सांगितलं. सरकारी कंट्रोलविरुद्ध त्याचं म्हणणं मी चांगलं रंगवून सांगितलं, कारण त्यातलं बरंचसं मला पटतही होतं. रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन कंटाळलेल्या गावानं टाळ्या वाजवल्या. शेठनी सगळ्यांच्या आधी वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "आता त्याचं उरलेलं म्हणणं सांगते."

व्यापारी एकत्र बसले की काय होतं ते सांगितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. पेढीवाल्यांना वाटलं, परदेशातल्या व्यापाऱ्यांचं चाललंय. मग मी माझा एकमेव मुद्दा मांडला.

"धान्याच्या व्यापाऱ्याला तो घाबरत नव्हता, ते का, हेही त्यानं सांगून ठेवलंय. त्याच्या देशात धान्याचे व्यापारी गावोगाव विखुरलेले होते. इतक्या लोकांना मिळून भाव ठरवणं जमायचं नाही, असं तो म्हणतो. तो कल्याणला कधी आला नाही. इथले भाताचे अडते एका आळीत बसतात. या हंगामात एका सकाळी प्रत्येक पेढीवर भाताचा भाव सारखाच उतरला. आदल्या संध्याकाळी चहा कुणाकडे झाला हे या मांडवात पुष्कळांना माहीत आहे. तो पंडित आज इथे असता तर पहिल्या रांगेत बसला नसता. मागे उभा राहिला असता."

मग मागून, कनातीजवळून, कुणीतरी जोरात खोकलं आणि दुसरं कुणीतरी हसलं. शेठ समोर बघत होते. त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं, पण प्यायले नाहीत. चिटणीसांनी माझ्यासमोर चिठ्ठी सरकवली, 'वेळ संपली'. मी ती मोठ्यानं वाचली आणि म्हटलं, "कालच्या वक्त्यांना याहून जास्त वेळ दिला होता. मी तेवढाच घेईन."

"बाई, खाली बसा," पुढून एक वकील म्हणाले.

डावीकडून आईचा आवाज आला, "बोलू द्या तिला. बोलावलंय तुम्ही."

मी बोलले. कंपनीचं सांगितलं, मजुराचं सांगितलं. शेवटी त्याच्या पहिल्या ग्रंथाचं सांगितलं. माणूस स्वतःचा न्याय स्वतः करायला बसला की खोटं माप घालतो. म्हणून मनात एक तिऱ्हाईत बसवावा लागतो, ज्याचा ना आपल्याशी संबंध ना समोरच्याशी, आणि त्याच्या डोळ्यांनी आपल्याकडे बघावं लागतं. श्रीमंतीवर लिहिण्याआधी त्यानं हे लिहिलं आणि मरेपर्यंत हेच पुस्तक दुरुस्त करत राहिला. "म्हणून त्याच्या नावानं कुणी काही विकायला आलं," मी म्हटलं, "तर आधी विचारा, हे पुस्तक वाचलंय का."

अध्यक्षीय समारोपात शेठ एवढंच म्हणाले, "बाईंचा अभ्यास दांडगा आहे. व्यवहार अजून पाहिलेला नाही. वय लहान आहे." लोकांना हायसं वाटलं आणि चपला शोधायची घाई सुरू झाली.

मांडवाबाहेर एक म्हातारे शेतकरी आमच्यासमोर थांबले. खाडीकडच्या गावचे असावेत. आईला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बाय, खरा बोललीस. पन आता तुला तरास देतील."

त्रास यायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं.

"व्याख्यानमालेच्या सांगतेला तुम्ही दोन शब्द बोलायचे," ते म्हणाले. "अनवधानानं चूक झाली, दिलगीर आहे. संपलं."

"चूक कोणती?"

"अहो, तुम्हाला माहीत आहे."

"नाही सर, तुम्ही सांगा. भाव एक नव्हता?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, मला मुलं आहेत. शाळेला इमारत हवी आहे. शेठ हो म्हणाले तर होईल. तुमचं खरं असेलही. पण खरं बोलायला तुम्हाला शाळेचंच पटांगण सापडलं?"

हे मला लागलं. ते वाईट मनाचे नव्हते. मी म्हटलं, "सांगतेला येते. चूक झाली असेल ती दुरुस्त करीन."

त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मी खरोखरच चौकशी केली. शाळा सुटल्यावर बाजारात जाऊन पेढ्या पाहून आले. अडते मला ओळखत होते. काहींनी तोंड फिरवलं, एकानं पान पुढे केलं. माझ्या भाषणात एक चूक होतीच.

सांगतेच्या दिवशी मांडव पहिल्यापेक्षा भरलेला होता. बातमी फिरली होती. कनातीपाशी शेतकरीही जास्त होते, आणि या वेळी ते दिवे पाहून आलेले नव्हते. शेठ प्रसन्न होते. चिटणीसांनी सांगितलं, बाई आपल्या भाषणाबाबत थोडा खुलासा करतील.

मी उभी राहिले.

"माझ्या भाषणात एक चूक झाली," मी म्हटलं. शेठनी मान डोलावली. "मी म्हणाले होते, अडते एका आळीत बसतात. नंतर जाऊन पाहिलं. ते दोन आळ्यांत बसतात. भाव मात्र दोन्हीकडे एकच आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे."

आणि खाली उतरले.

हसणं मागून सुरू झालं आणि पुढच्या रांगांपर्यंत आलं. वकील हसले, डॉक्टर हसले. चहासाठी एकत्र बसणाऱ्यांतले एकदोघेही हसले असावेत. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांचा चेहरा अजून आठवला की मला वाईट वाटतं, पण ते दोन शब्द परत घ्यावेत असं आजवर एकदाही वाटलेलं नाही.

वर्षाअखेर माझी जागा भरायची नाही असं ठरलं. कारण दिलं नाही. आईच्या डब्यांपैकी काही बंद झाले. त्यातल्या एकानं येऊन प्रामाणिकपणे सांगितलं की तो शेठच्या गिरणीत हिशेबनीस आहे आणि त्याला डबा बदलायला सांगितलंय. आईनं त्याला जेवायला बसवलं, पोटभर वाढलं आणि मग जाऊ दिलं. काका बऱ्याच दिवसांनी आले. "सांगितलं होतं, संस्कृत घ्या म्हणून," ते म्हणाले. आई म्हणाली, "संस्कृतात बोलली असती तर कुणाला कळलं नसतं, म्हणून घेतलं नाही."

त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. मी घरोघर शिकवण्या केल्या. ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतल्या काही बायकांनी दुपारी वाचनवर्ग सुरू केला होता, तिथे मला बोलावलं. मांडव नाही, अध्यक्ष नाही, जमिनीवर सतरंजी. मी त्यांच्यापुढे त्याचं पहिलं पुस्तक मराठीत सांगायला घेतलं. तिऱ्हाइताची गोष्ट सांगितल्यावर एक फायरमनची बायको म्हणाली, "बाई, आमच्या घरात तिऱ्हाईत बसवला तर तो पहिल्याच दिवशी पळून जाईल." सगळ्या हसल्या. मग तीच म्हणाली, "पण त्यानं माझ्या बाजूनं एकदा तरी बोलावं, असं वाटतं." त्या पंडितानं यावर काही लिहून ठेवलेलं नाही.

अखेर ठाण्याच्या एका मुलींच्या शाळेत मुलाखत झाली. मुख्याध्यापिका प्रौढ विधवा होत्या, बारीक काठाचं पांढरं लुगडं नेसायच्या. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "दोन आळ्यांवाली ती तुम्हीच का?"

मी हो म्हटलं आणि उठायची तयारी केली.

"बसा. आमच्याकडे अर्थशास्त्र नाही. मुली विचारतात. सुरू कराल?"

मी सुरू केलं. सुरुवातीला पालक तक्रार घेऊन यायचे. एक गृहस्थ म्हणाले, मुलीनं घरी विचारलं, मोलकरणीचा पगार कोण ठरवतं. मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?" ते निघून गेले, पण मुलीला वर्गातून काढलं नाही.

कल्याणचा भाताचा भाव माझ्या बोलण्यानं बदलला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या हंगामातही तो एकच उतरला. फरक इतकाच, की आता शेतकरी पेढीवर उभे राहून विचारायचे, काल चहा कुणाकडे होता. अडत्यांना याचा राग यायचा असं ऐकलं.

बऱ्याच वर्षांनी शेठ मला ठाणे स्टेशनबाहेर टांग्यापाशी भेटले. थकले होते, पण टोपी तशीच कडक. मी नमस्कार केला.

"बाई, अजून तोच पंडित शिकवता?"

"हो. सगळा."

ते थोडं हसले. "तुम्ही त्या दिवशी नुसती दिलगिरी म्हटली असतीत ना, तर मी तुम्हाला कायम केलं असतं. माझ्या मनात होतं."

"माहीत होतं मला," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय, शेठ. तिथे कायम झाले असते तर मुलींना हे शिकवायला तुमची परवानगी लागली असती."

टांगेवाला घाई करत होता. शेठनी मला आधी बसा म्हणून खूण केली. मी म्हटलं, मी चालत जाते, शाळा जवळच आहे.